पद्मिनी, सोलेक्स कार्ब्युरेटर: गाडी गरम झाली तरी चोक आत ढकलला की बंद पडते

पद्मिनी_८६ (जुळे सोलापूर)

नमस्कार मंडळी. गाडी प्रीमियर पद्मिनी, १९८६ ची, पेट्रोल, १०८९ सीसी. कार्ब्युरेटरच्या बॉडीवर सोलेक्स ३२ पीबीआयसी असं वाचता येतं, म्हणजे मूळचाच असावा.

सध्या गड्डा यात्रेच्या दिवसांतली थंडी आहे, पहाटे १५-१६ डिग्री. पूर्ण चोक ओढून, एक्सलेटर दोन-तीनदा दाबून सेल्फ मारला की गाडी धरते आणि चांगली रेस घेते. नॉब आत ढकलायला लागलं की फडफडते, पूर्ण आत गेला की थोड्या वेळात बंद. बरं, हे फक्त सकाळी असतं तर गोष्ट वेगळी. काटा मध्यावर आला, इंजिन पूर्ण गरम झालं, तरी सात रस्त्याच्या सिग्नलला नॉब बोटभर बाहेर ठेवावा लागतो, नाहीतर स्लोवर (एक्सलेटरला पाय नसताना) गाडी थांबते. रस्त्यावर ४०-५० च्या वेगात मात्र तक्रार नाही, पिकअप ठीक.

प्लग काढून पाहिले तर चारही काळे, कोरडी काजळी. अ‍ॅव्हरेज ९ वर आलंय. मागून पेट्रोलचा वास.

प्लग नवे टाकले, पॉइंट घासून गॅप लावला, एअर फिल्टर साफ केला. चोक वायर जाम होती म्हणून बदलली. एका गॅरेजमध्ये सांगितलं की कार्ब्युरेटर संपलाय, दुसरा टाका. चोक नेमका किती ओढायचा, कसा सेट करायचा, आणि खरंच कार्ब्युरेटर बदलायची वेळ आलीय का?

होटगीरोडवाला

काळे प्लग म्हणजे मिक्श्चर घट्ट, पेट्रोल जास्त आणि हवा कमी. चोकची पाकळी, म्हणजे हवेची वाट अडवणारी झडप, पूर्ण उघडत नसेल. एअर क्लीनर काढा, वरून बघा, पाकळी उभी सरळ राहते का. स्प्रिंग ढिली झाली की अर्धवट लटकते.

जेट_आणि_पाना

होटगीरोडवाले, मारुती ८०० असती तर तुमचं बरोबर होतं. या सोलेक्सला चोकची पाकळी नसतेच. वरून डोकावलं तर सरळ व्हेंचुरीच (मधला अरुंद गळा) दिसते. पाकळी शोधत बसलात तर ‘कुणीतरी काढून टाकली’ असं वाटेल आणि तिथून पुढे सगळं भरकटतं.

पद्मिनी_८६, कार्ब्युरेटर बदलू नका. तुमच्या लक्षणांत दोन बिघाड एकमेकांत मिसळलेत. स्लोवर पेट्रोल कमी पडतंय आणि रस्त्यावर जास्त जातंय. एकाच गाडीत दोन्ही कसं, तर मधे चोक आहे.

या कार्ब्युरेटरच्या कुशीला एक छोटं झाकण आहे, त्यावर लिव्हर, लिव्हरला चोक वायर. झाकणाच्या आत भोकं पाडलेली चपटी चकती असते. लिव्हर फिरलं की चकतीची भोकं बॉडीतल्या भोकांसमोर येतात. मग फ्लोट चेंबरमधून (कार्ब्युरेटरमधली पेट्रोल साठवायची वाटी) वेगळ्या जेटने (मापाच्या भोकाने) आलेलं पेट्रोल आणि वेगळ्या वाटेने आलेली हवा, असं घट्ट मिश्रण थ्रॉटलच्या (एक्सलेटरने उघडणाऱ्या झडपेच्या) खाली सोडलं जातं. म्हणजे मोठ्या कार्ब्युरेटरच्या बाजूला एक स्वतंत्र लहान कार्ब्युरेटर जोडलेला आहे, फक्त थंड इंजिनासाठी. शेजारच्या छोट्या विहिरीत थोडं पेट्रोल साठलेलं असतं. पहिल्या फेऱ्यांना ते एकदम ओढलं जातं, त्यानंतर जेट सोडेल तेवढंच मिळतं. लिव्हरला मधली जागा पण आहे. पूर्ण बाहेर म्हणजे धरण्यापुरतं घट्ट, मध्यावर म्हणजे पहिल्या अर्ध्या-एक किलोमीटरपुरतं जरा पातळ.

यातून एक महत्त्वाची गोष्ट निघते. हे युनिट थ्रॉटलच्या खालच्या व्हॅक्यूमवर चालतं, म्हणून सेल्फ मारताना एक्सलेटरवर पाय ठेवायचाच नाही. पॅडल दाबलं की थ्रॉटल उघडतं, व्हॅक्यूम पडतो आणि चोकमधून पेट्रोल ओढलंच जात नाही. शिवाय या कार्ब्युरेटरला एक्सलेटर पंप आहे, दोन-तीनदा दाबलं की पेट्रोलची पिचकारी सरळ मॅनिफोल्डमध्ये. गाडी धरते ती चोकवर नाही, पिचकारीवर धरते. पाकळीवाल्या गाड्यांची सवय इथे आणली की सोलेक्स बदनाम होतो.

आता तुमचा त्रास. गरम इंजिन स्लोवर फक्त चोक बाहेर असेल तरच चालतं, याचा अर्थ स्लोची मूळ वाट, म्हणजे पायलट जेट आणि त्याची भोकं, बंद पडलीत. त्या जागी चोकचं युनिट इंजिनाला जगवतंय. तुम्ही नॉब बोटभर बाहेर ठेवून फिरताय, म्हणून रस्त्यावर मेन जेटच्या जोडीला चोकचंही पेट्रोल जातं. काळे प्लग, वास, ९ चं अ‍ॅव्हरेज, सगळं तिथूनच. चोकने तुमचा बिघाड झाकून ठेवलाय.

पुढची तपासणी याच क्रमाने करा, उलटसुलट नको.

बॉनेट उघडा, कुणाला तरी आत बसवून नॉब पूर्ण आत ढकलायला सांगा आणि तुम्ही कार्ब्युरेटरवरचं लिव्हर बघा. ते अटकावाला टेकलं पाहिजे. नॉब आत गेला म्हणजे चोक बंद झाला असं धरून चालू नका, डॅशबोर्डवरचा नॉब काहीही सांगतो. लिव्हर टेकलं नसेल तर वायरचा स्क्रू सोडा आणि हाताने लिव्हर टेकवा. इंजिन गरम, स्लोवर चालू. हे करताच गाडी बंद पडली तर पायलटची वाट पक्की बंद आहे.

मग इंजिन थंड करून पायलट जेट काढा. तो बॉडीच्या अंगावर बाहेरून निघतो, वरचं झाकण खोलायची गरज नाही. खाचेत नेमका बसेल असा रुंद पेचकस घ्या, पितळ मऊ असतं, खाच एकदा बोथटली की मग ड्रिल. जेट उजेडासमोर धरा. बारीक गोल उजेड दिसला पाहिजे, अर्धा चंद्र दिसला तरी तो बंदच समजा. कार्ब क्लीनरमध्ये भिजवा, कॉम्प्रेसरची हवा उलट्या बाजूने मारा. तार घालू नका, गॅरेजवाल्याने घातली तरी घालू देऊ नका. जेटवरचा नंबर त्या भोकाचं माप सांगतो, तार एकदा फिरली की तो नंबर खोटा. फारच अडलं तर ब्रशचा नायलॉनचा केस. जेट काढलेल्या भोकात आणि मिक्श्चर स्क्रू काढून त्याच्या भोकातही हवा मारा. नुसता जेट साफ करून परत बसवला आणि आतली वाट तशीच राहिली, हे फार होतं.

मिक्श्चर स्क्रू काढण्याआधी तो किती फेरे आत जातो ते मोजून लिहून ठेवा. आत नेताना टेकला की थांबा, आवळू नका, नाहीतर टोकाला कडं पडतं आणि परत कधीच नीट सेट होत नाही.

सूतगिरणी

वरचं सगळं बरोबर, पण पायलट जेट काढण्याआधी हवा कुठून गळतेय का बघा. स्लोवर पातळ चालण्याचं ते दुसरं मोठं कारण, आणि तपासायला दहा मिनिटं लागतात.

इंजिन स्लोवर, चोक जरा बाहेर. कार्ब्युरेटरच्या बुडाच्या पॅकिंगभोवती, मॅनिफोल्डच्या सांध्यांवर आणि डिस्ट्रिब्युटरला जाणाऱ्या व्हॅक्यूम पाइपच्या दोन्ही टोकांना साध्या स्प्रे बाटलीतून पाणी मारा. जिथे मारल्यावर इंजिनाचा आवाज बदलतो तिथे गळती. कार्ब क्लीनरचा फवारा घेऊन हे करणारे आहेत, गरम एक्झॉस्टशेजारी तो उद्योग नको. डिस्ट्रिब्युटरच्या टोपीवर पाणी उडू देऊ नका, मिसिंग सुरू होईल आणि तुम्ही गळती सापडली म्हणून नाचाल.

बुडाचे दोन नट कुणीतरी जोर लावून आवळलेले असतात, त्याने फ्लँजचे कान खाली वाकतात आणि मधे फट राहते. कार्ब्युरेटर काढल्यावर फ्लँजवर स्टीलची पट्टी उभी धरा आणि फिलर गेज घाला. गेजचं ०.१० मिमीचं पान फटीत जात असेल तर काचेवर एमरी पेपर ठेवून फ्लँज घासून सपाट करा, पॅकिंग दोन्ही बाजूंचं नवं. मधला बेकेलाइटचा ठोकळा तडकलेला आहे का तेही बघा. आणि थ्रॉटलची दांडी दोन बोटांत धरून वरखाली हलवा. हलत असेल तर तिथूनही हवा ओढते, मग स्लो कधीच एका जागी थांबत नाही. त्याला लेथवर बुश करणं हाच उपाय, स्क्रू फिरवून जात नाही.

आपल्याकडे अजून एक. लूम चालणाऱ्या भागात गाडी उभी असेल तर एअर फिल्टरवर सुताची तुसं बसतात, वरून धुळीचा थर. झटकून जात नाही. फिल्टर दिसायला साफ पण दमलेला असतो आणि त्यानेही प्लग काळे पडतात.

अँबी_मार्क३

मधेच घुसतो, माफ करा. माझ्या अँबेसेडरवर एसयू कार्ब्युरेटर आहे, तिलाही चोक आत ढकलल्यावर घट्ट चालायची खोड आहे. वरचंच लागू होईल का?

जेट_आणि_पाना

नाही हो, एसयूचं तंत्र वेगळं. तिथे पाकळीही नाही आणि चकतीही नाही. चोक ओढला की अख्खा जेट खाली सरकतो, सुई जागच्या जागी राहते, म्हणून मधली वाट रुंद होऊन घट्ट होतं. नॉब आत ढकलल्यावर जेट परत वर जाऊन नटला टेकला पाहिजे. कार्ब्युरेटरच्या खाली बोट घालून जेट वर ढकला. आणखी वर गेला आणि इंजिन सुधारलं तर जेट अडकतोय. जेटची नळी बाहेरून पुसून पेट्रोलने धुवा, चारपाच वेळा वरखाली करा, ग्रीस लावू नका.

वायर लावताना नॉब पूर्ण आत असताना दीड मिमी ढिली ठेवा. फास्ट आयडलचा स्क्रू आणि कॅम यांच्यात चोक आत असताना ०.४ मिमी फट हवी. मिक्श्चर बघायला इंजिन गरम करून पिस्टन ०.८ मिमी उचला. रेस वाढून तशीच राहिली तर घट्ट, इंजिन मरायला लागलं तर पातळ, किंचित वाढून परत जागेवर आली तर बरोबर. वरच्या डॅम्परमध्ये २० नंबरचं पातळ ऑइल, पिस्टनच्या पोकळ दांडीच्या वर १३ मिमीपर्यंत. सविस्तर हवं तर वेगळा धागा काढा, इथे दोन कार्ब्युरेटर एकत्र झाले की वाचणाऱ्याचा गोंधळ होईल.

पद्मिनी_८६ (जुळे सोलापूर)

दादा, सांगितलं त्याच क्रमाने केलं. काय सापडलं ते लिहितो.

नॉब पूर्ण आत ढकलला तरी लिव्हर अटकावापासून ४-५ मिमी दूर थांबतं. हाताने टेकवलं की इंजिन लगेच बंद. वायर नवीन टाकलेली आहे ती बारीक तारा पिळलेली, स्कूटरच्या क्लचसारखी. ढकलताना कार्ब्युरेटरजवळ ती बाकडी होऊन वर उचलते.

पाणी मारून बघितलं, बुडाशी काही फरक नाही. डिस्ट्रिब्युटरच्या व्हॅक्यूम पाइपचं रबर कार्ब्युरेटरच्या बाजूला चिरलेलं निघालं, बदललं. त्याने थोडाच फरक.

पायलट जेटमधून उजेड अजिबात दिसत नव्हता. पांढरट-हिरवट दाणेदार कचरा होता. साफ करून, भोकांत हवा मारून बसवला. आता लिव्हर हाताने टेकवून, वायर सोडून, इंजिन स्लोवर टिकतं. थोडं उड्या मारत, पण टिकतं.

आता वायरचं काय करू आणि स्लो कसं सेट करू?

जेट_आणि_पाना

बिघाड सापडला तर. ती वायर काढून टाका.

स्कूटरची पिळाची वायर फक्त ओढायच्या कामाची, तिला ढकलता येत नाही. स्कूटरवर परत आणायला पलीकडे स्प्रिंग असते. इथे चकती घर्षणाने जागच्या जागी बसते, त्यामुळे लिव्हर परत न्यायचं कामही वायरनेच करायचं. त्यासाठी एकच कडक तार लागते. जुन्या स्पेअरच्या दुकानात ‘चोकची वायर, सिंगल तार’ असं मागा आणि दुकानातच ढकलून बघा. नॉब ढकलल्यावर दुसऱ्या टोकाने तार तेवढीच बाहेर आली पाहिजे.

बसवताना आउटरला तीव्र वळण देऊ नका, वळण एखाद्या बशीच्या घेराइतकं तरी मोठं ठेवा. फायरवॉलच्या भोकात रबरी ग्रोमेट हवंच, नाहीतर पत्रा आउटर कापतो. एक्झॉस्टपासून लांबून न्या. आत पातळ ऑइलचे चार थेंब पुरे. ग्रीस भरलं की आपल्या धुळीत वर्षभरात त्याची मळी होते आणि तार परत जाम.

जोडणी अशी. नॉब पूर्ण आत ढकला आणि मग २ मिमी बाहेर ओढा. लिव्हर हाताने अटकावाला टेकवा. तार छोट्या गोल नटात घालून स्क्रू आवळा, आउटरची क्लिप आवळा. आता नॉब पूर्ण आत ढकलला की लिव्हर टेकलेलंच राहील आणि वायरला जरा ढिलाई असेल. ही २ मिमी सोडली नाही तर इंजिन हललं की वायर लिव्हरला ओढते आणि चोक किंचित उघडतो. मग नॉब पूर्ण ओढून लिव्हर दुसऱ्या टोकापर्यंत जातं का बघा. मधल्या जागी खाच लागल्यासारखं जाणवतं, ती जागा नॉबच्या कितव्या सेंटिमीटरला येते ते एकदा लक्षात ठेवा. रोज तिथेच थांबायचंय.

स्लो सेट करताना इंजिन पूर्ण गरम हवं आणि वायर जोडलेली, चोक आत. मिक्श्चर स्क्रू हलक्या हाताने टेकेपर्यंत आत, मग दीड फेरा बाहेर. थ्रॉटलच्या स्क्रूने स्लो ८०० च्या आसपास आणा. मिक्श्चर स्क्रू पाव-पाव फेरा बाहेर घ्या, प्रत्येक वेळी दहा सेकंद थांबा, इंजिनाला कळायला वेळ लागतो. बाहेर म्हणजे घट्ट, आत म्हणजे पातळ. जिथे रेस सगळ्यात जास्त आणि आवाज गुळगुळीत तिथे थांबा. रेस वाढली असेल तर थ्रॉटलच्या स्क्रूने परत ७५०-८०० वर, आणि मिक्श्चर पुन्हा एकदा. आत-बाहेर करून काही फरकच पडत नसेल तर पायलटची वाट अजून पूर्ण मोकळी नाही किंवा थ्रॉटलची पाकळी जास्त उघडी ठेवून तुम्ही मेनवर स्लो चालवताय.

उड्या मारणं यातच जाईल. नाही गेलं तर चोकची चकती बघायची.

सूतगिरणी

चकतीचं मी सांगतो. लिव्हर टेकलेलं असूनही स्लोवर घट्ट, काळा धूर, मिक्श्चर स्क्रू पूर्ण आत नेला तरी इंजिन बंद पडत नाही, असं झालं तर चकती गळतेय. चकती आणि बॉडीचा तोंडवळा दोन्ही सपाट असले तरच भोक बंद होतं. मधे कचऱ्याचा एक दाणा पुरतो.

झाकणाचे स्क्रू सोडताना खाली पांढरं फडकं पसरा, आत बारीक स्प्रिंग आहे आणि मधल्या खाचेसाठी छर्‍याएवढी गोळी असते. ती गॅरेजच्या मातीत पडली की गेली. चकती उलट बसवता येते अशा बेताची दिसते, म्हणून काढण्याआधी फोटो घ्या. जाड काचेवर १००० नंबरचा पेपर, पाणी किंवा रॉकेल टाकून, चकती आठच्या आकड्यात फिरवा. सगळीकडे एकसारखी करडी झाली की पुरे. बॉडीच्या तोंडाला पेपर लावू नका, तो धातू मऊ आहे, फक्त फडक्याने पुसा. परत बसवताना पॅकिंग नवं, स्क्रू एकाआड एक थोडे थोडे. एकच स्क्रू आधी पूर्ण आवळला तर झाकण तिरकं बसतं आणि तिथून हवा ओढायला लागते, मग सकाळी चोक ओढूनही गाडी धरत नाही.

होटगीरोडवाला

तो पांढरा-हिरवा कचरा काय असतो? माझ्याही जेटमध्ये निघतो.

जेट_आणि_पाना

जस्त मिसळलेल्या ओतीव बॉडीला आणि पितळेला पाण्याने चढलेला गंज. आता पंपावर २० टक्के इथेनॉलवालं पेट्रोल मिळतं, आपल्याच जिल्ह्यातल्या साखर कारखान्यांची कृपा. इथेनॉल हवेतलं पाणी शोषतं. गाडी पंधरा-पंधरा दिवस उभी राहिली की फ्लोट चेंबरच्या तळाशी ते पाणी बसतं आणि तिथेच जेट आहेत. जुन्या रबरी नळ्या आतून सुटतात, इंजिनावरच्या पेट्रोल पंपाचा आणि एक्सलेटर पंपाचा डायाफ्राम कडक होतो. नळी बदलताना इंजेक्शन गाड्यांची इथेनॉलला चालणारी नळी मागा, आणि पंपाच्या आधी छोटा फिल्टर लावा.

दुसरा परिणाम चोकवरच. निव्वळ पेट्रोलला एका भागाला साधारण १४.७ भाग हवा लागते, २० टक्के इथेनॉलला साडेतेराच्या आसपास. म्हणजे जुन्या जेटवर इंजिन आपोआप पातळ चालतं. शिवाय इथेनॉलची वाफ व्हायला जास्त उष्णता लागते, थंडीत ते मॅनिफोल्डच्या भिंतीवर ओलं चिकटून राहतं. त्यामुळे पूर्वी पहाटे अर्ध्या चोकवर धरणारी गाडी आता पूर्ण चोक मागते, यात बिघाड नाही. मिक्श्चर स्क्रू पाव फेरा जास्त बाहेर लागणंही ठीक. पण म्हणून मेन जेट मोठा करायची घाई नको. आधी प्लगचा रंग बघा. विटकरी-तपकिरी असेल तर काही करू नका, पांढराफटक असेल तरच एक नंबर वरचा जेट.

पद्मिनी_८६ (जुळे सोलापूर)

सिंगल तारेची वायर बसवली, २ मिमी ढिली ठेवून. लिव्हर दोन्ही बाजूंना टेकतं. मिक्श्चर पावणेदोन फेऱ्यांवर बसलं, स्लो एका जागी आहे, सिग्नलला चोकची गरज नाही. एक्सलेटरला पाय न लावता पूर्ण चोकवर पहिल्याच सेल्फला धरते, हे आधी माहीतच नव्हतं. आता गल्लीच्या टोकापर्यंत मध्यावर, मग पूर्ण आत.

एक राहिलं. रोज चालवली तर ठीक. तीन-चार दिवस उभी राहिली की मात्र सेल्फ बराच वेळ मारावा लागतो, चोक ओढूनही. बॅटरी चांगली आहे.

जेट_आणि_पाना

तो चोकचा दोष नाही. चोकच्या युनिटला पेट्रोल फ्लोट चेंबरमधूनच मिळतं. उभ्या गाडीत चेंबर रिकामं झालं तर चोक कितीही ओढा, ओढायला काही नसतं. थंडीत हे चार दिवसांनी होतंय, एप्रिल-मेमध्ये पारा ४२ ला गेला की दोन दिवसांत होईल.

खात्री अशी करा. चार दिवस उभी असताना सेल्फ मारण्याआधी एअर क्लीनर काढा, वरून टॉर्च मारा आणि हाताने थ्रॉटल एकदा पूर्ण उघडा. व्हेंचुरीत पेट्रोलची पिचकारी आली तर चेंबर भरलेलं आहे, दुसरं कारण शोधू. कोरडं असेल तर आधी पंपाच्या बाजूच्या छोट्या हाताच्या दांडीने दहा-पंधरा वेळा पंप करा. दांडी मऊ झाली, जोर लागेनासा झाला की चेंबर भरलं. मग पूर्ण चोक आणि सेल्फ. दांडी पहिल्यापासूनच नुसती ढिली लागत असेल तर पंपाचा कॅम दांडीखाली उभा आहे, इंजिन थोडं फिरवून परत बघा.

दांडीने भरल्यावर लगेच धरते पण एका रात्रीतच परत रिकामं होत असेल तर वाफ होण्याचा प्रश्न नाही, कुठेतरी गळतंय. बहुधा मेन जेटच्या होल्डरचं फायबर वॉशर. पांढरा कागद खाली घालून ठेवा, डाग पडेल. डाग दिसला तर गळती बंद करेपर्यंत सेल्फ मारू नका आणि बॅटरीची अर्थ वायर काढून ठेवा.

उलट, गाडी धरल्यावर चेंबर जास्त भरतंय, वरून पेट्रोल येतंय असं दिसलं तर नीडल व्हॉल्व्हखालचं वॉशर बघा. या सोलेक्समध्ये पातळी त्या वॉशरच्या जाडीने ठरते, जाड वॉशर म्हणजे पातळी खाली, पातळ म्हणजे वर. फ्लोटचा हात वाकवत बसू नका. फ्लोट कानाशी धरून हलवा, आत पेट्रोल खळखळलं तर तो फुटलाय, सोल्डरचा डाग देऊन पुन्हा वापरला तर जड होतो, नवाच घ्या.

सूतगिरणी

उन्हाळ्याचं आत्ताच सांगून ठेवतो, कारण मेमध्ये हाच धागा उलटा निघतो. दुपारी गाडी बंद करून अर्ध्या तासाने सुरू करताना ती धरत नसेल तर चोकला हात लावू नका. इंजिनाच्या उष्णतेने चेंबरमधलं पेट्रोल उकळून मॅनिफोल्डमध्ये सांडलेलं असतं, इंजिन आधीच भिजलंय. एक्सलेटर तळाला टेकवून तसंच धरा, पंप करू नका, पाच-सहा सेकंद सेल्फ. धरली की पाय हळूहळू उचला. नाही धरली तर बॉनेट उघडून दहा मिनिटं थांबा. पेट्रोलच्या नळीवर ओलं फडकं टाकायचं तर पंप आणि कार्ब्युरेटरच्या मधल्या तुकड्यावर टाका, डिस्ट्रिब्युटरवर पाणी ठिबकेल असं नको.

पद्मिनी_८६ (जुळे सोलापूर)

पिचकारी आली नाही, चेंबर कोरडं. पंपाच्या दांडीने भरलं आणि पहिल्या सेल्फला धरली. कागदावर डाग नाही, म्हणजे वाफच होते. झाकणाचं पॅकिंग जुनं आहे, ते बदलून बघतो. ते विकत मिळालं नाही तर कापून घ्यायला कुठल्या जाडीचा कागद घेऊ?

जेट_आणि_पाना

अर्धा मिमीचा पेट्रोल चालणारा गास्केट पेपर. जुनं पॅकिंग त्यावर ठेवून पेन्सिलने आखा, आतली सगळी भोकं पंचने पाडा, कात्रीने नको. चोकच्या हवेची वाट झाकणातून जात असेल तर ते बारीक भोक विसरलं जातं आणि मग गाडी पूर्ण चोकवर भिजते. सिलंट लावू नका, त्याचे धागे थेट पायलट जेटमध्ये जातात.